फाइलीची ओळख : एका खूणकोशाचा इतिहास

(१)

संगणकावरील कोणतीही फाइल अगदी आतून पाहिली, तर तेथे एकाच प्रकारची सामग्री आढळते : ० ते २५५ या मर्यादेतील संख्यांची एक ओळ. यांतील प्रत्येक संख्येस बाइट म्हणतात. छायाचित्र असो, ध्वनिमुद्रण असो, प्रबंधाचा मजकूर असो की खुद्द एखादा प्रोग्राम असो, या सर्वांची लिपी एकच. भाषा मात्र भिन्न. म्हणून समोर आलेली फाइल कोणत्या भाषेत वाचावयाची हा प्रश्न वाचनापूर्वीच सोडवावा लागतो. तो चुकीचा सुटला म्हणजे वाचन निष्फळ होते, आणि क्वचित धोक्याचेही होते.

ही ओळख ठेवण्याच्या जागा तीन. पहिली जागा फाइलीचे नाव. नावाच्या शेवटी टिंब देऊन दोन-चार अक्षरे जोडावयाची आणि त्यांवरून प्रकार जाणावयाचा, ही रीत सर्वपरिचित आहे. दुसरी जागा बाहेरची नोंद. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकात प्रत्येक फाइलीच्या प्रकाराची व तिच्या कर्त्या प्रोग्रामची चार-चार अक्षरांची खूण स्वतंत्रपणे ठेवलेली असे. टपालासाठी १९९२ मध्ये सिद्ध झालेल्या 'माइम' संकेतातही प्रकाराचे नाव मजकुराबाहेर, त्याच्या शीर्षकात येते. तिसरी जागा म्हणजे फाइलीचे स्वतःचे अंतरंग. पहिल्या दोन जागी असलेली ओळख कोणीतरी दिलेली असते. ती बदलता येते, गळून पडते, खोटीही असू शकते. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या विषाणूची फाइल साध्या मजकुराचे नाव धारण करून आली होती. तिच्या नावाची खरी शेवटची अक्षरे विंडोज प्रणाली सामान्यतः दाखवीतच नसे, आणि असंख्य लोकांनी ती पत्र समजून उघडली.

आपल्याकडे जुन्या दप्तरातील कागद हाती घेणारा अभ्यासक रुमालावर कोणी काय लिहिले आहे यावर विसंबत नाही. तो मायना पाहतो, शिक्के पाहतो, शेवटचे मोर्तब पाहतो, आणि मग ही सनद, हा महजर, हे खाजगी पत्र असे ठरवितो. संगणकाच्या क्षेत्रात हेच काम करणारा सर्वांत जुना प्रोग्राम म्हणजे युनिक्स प्रणालीतील 'फाइल' हा होय. त्याच्या पोटातून पुढे 'लिबमॅजिक' ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी बोलावून वापरावयाचा कार्यसंच, निघाली. प्रस्तुत लेखात या दोहोंच्या सुधारणेचा इतिहास पाहावयाचा आहे. हा इतिहास पाहता असे दिसून येते की, येथे टिकाऊ सुधारणा झाली ती प्रोग्राम अधिक चतुर केल्यामुळे नव्हे. पुरावा कोणता, तो कोठे नोंदवावयाचा, आणि पुरावा अपुरा असता काय म्हणावयाचे, या तीन गोष्टींची शिस्त वाढत गेल्यामुळे झाली. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास या इतिहासात बरेच परिचित असे भेटेल. आणि शेवटी दिसेल की, त्यात आपल्या स्वतःच्या दप्तराचाही एक प्रश्न अडकून पडला आहे.

(२)

'फाइल' या आज्ञेचा आढळ युनिक्सच्या चौथ्या संशोधन-आवृत्तीत होतो. तिच्या माहितीपत्रकावर नोव्हेंबर १९७३ ही तारीख आहे. बेल प्रयोगशाळेतील तत्कालीन युनिक्स पीडीपी-११ या यंत्रावर चालत असे. त्या यंत्रावरील चालनक्षम प्रोग्रामच्या फाइलीचा पहिला शब्द अष्टमान पद्धतीने ४०७ असे. ही संख्या कोणी खूण म्हणून निवडलेली नव्हती. ती यंत्राची एक आज्ञा होती. फाइलीच्या आरंभी जे शीर्ष असे, ते ओलांडून प्रत्यक्ष प्रोग्रामवर उडी घ्यावी, एवढाच तिचा अर्थ. पुढे प्रणाली ती आज्ञा पाळण्याऐवजी केवळ पाहू लागली : आरंभी ४०७ आहे, तेव्हा हा चालनक्षम प्रोग्राम होय. त्यानंतर प्रोग्रामचे नवे प्रकार आले तेव्हा त्यांना ४१० व ४११ हे आकडे देण्यात आले. यांत उडीच्या अर्थाला काही महत्त्व उरले नव्हते. त्या निव्वळ खुणा होत्या. 'मॅजिक नंबर' हा शब्द या खुणांना लागला तो येथूनच. आपण त्यास खूणसंख्या म्हणू.

भाषेत हे नित्य घडते. 'करिता' हे मुळात 'करणे' या धातूचे रूप; वापराने त्यातील क्रियेचा अर्थ झिजला आणि ते शब्दयोगी अव्यय झाले. ४०७ या आज्ञेतील क्रिया अशीच झिजली व तिचे चिन्ह झाले. खुणेचे बळ तिच्या मूळ अर्थात नसून तिच्या नियमित उपस्थितीत असते, हे दोन्ही ठिकाणी सारखेच खरे आहे.

परंतु सर्वच फाइलींना अशी खूण नसते. साध्या मजकुराला तर ती मुळीच नसते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील 'फाइल' प्रोग्रामने यावर जो उपाय योजला तो आमच्या शास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. फाइलीचे पहिले ५१२ बाइट वाचावयाचे; ते सी, फोर्ट्रान किंवा असेंब्ली भाषेतील नाहीत असे ठरले की मजकूर इंग्रजी आहे काय हे पाहावयाचे. मजकूर ५० अक्षरांहून कमी असेल, तर संख्याशास्त्राचा उपयोग नाही म्हणून प्रयत्नच सोडून द्यावयाचा. एरवी दोन कसोट्या : जागा वगळून उरलेल्या अक्षरांत स्वरांचे प्रमाण निदान एक-पंचमांश असावे, आणि ई, टी, ए, आय, ओ, एन ही सहा वारंवार येणारी अक्षरे व्ही, जे, के, क्यू, एक्स, झेड या सहा विरळ अक्षरांच्या निदान दसपट असावीत. दोन्ही कसोट्या उतरल्या की उत्तर : इंग्रजी मजकूर.

या डझनभर ओळींत एका भाषेच्या वर्णवारंवारितेचे सारच आले आहे. मात्र त्यांतील गृहीतही लक्षात घेतले पाहिजे. तेथे प्रश्न 'ही कोणती भाषा' असा नव्हता. 'ही इंग्रजी आहे की नाही' असा होता. जे इंग्रजी नाही त्यास त्या प्रोग्रामपाशी नाव नव्हते.

(३)

सातव्या आवृत्तीपर्यंत ओळखीचे सर्व ज्ञान प्रोग्रामच्या शरीरातच लिहिलेले होते. नवा प्रकार ओळखावयाचा तर प्रोग्राम बदलावा लागे. सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या व्यापारी आवृत्तीत या बाबतीत एक मोठा बदल झाला : खुणांची यादी प्रोग्रामबाहेर काढून एका साध्या मजकुराच्या तक्त्यात ठेवण्यात आली. त्यामुळे प्रोग्राम किंचित मंद झाला, परंतु कमालीचा लवचिक झाला. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर व्याकरण आणि कोश येथे वेगळे झाले. व्याकरण लिहिणारे थोडे असतात; कोशात शब्दाची भर घालणारे पुष्कळ मिळतात.

तथापि सिस्टिम फाइव्हचा प्रोग्राम सर्वांना खुला नव्हता. १९८६-८७ मध्ये कॅनडातील इअन डार्विन यांनी इतर कोणाचाही मूळ प्रोग्राम न पाहता, केवळ त्याच्या वर्तनावरून, 'फाइल'ची स्वतंत्र व मुक्त आवृत्ती लिहिली. जॉन गिलमोर यांनी तिच्यात मोठ्या दुरुस्त्या केल्या, जेफ कॉलियर यांनी उणिवा दाखवून नोंदी पुरविल्या, आणि १९९० पासून तिच्या संवर्धनाचा मुख्य भार क्रिस्टोस झूलास यांनी वाहिला. लिनक्सच्या वितरणांत आणि बीएसडी कुळातील अनेक प्रणालींत आढळणारा 'फाइल' प्रोग्राम याच घराण्यातील आहे.

या तक्त्यातील नोंदीचे स्वरूप साधे आहे. प्रत्येक ओळीत चार रकाने : फाइलीच्या आरंभापासून किती अंतरावर पाहावयाचे, तेथील मूल्य कोणत्या जातीचे मानावयाचे, ते कशाशी ताडून पाहावयाचे, आणि ताळा जमल्यास काय सांगावयाचे. एखादी ओळ जमली की तिच्या खालच्या, '>' या चिन्हाने आत ढकललेल्या ओळी तपासल्या जातात आणि उत्तर उत्तरोत्तर नेमके होते. 'जिफ' चित्रांची फाइल 'जी-आय-एफ' या तीन अक्षरांनी सुरू होते; त्यांपुढील '८७ए' किंवा '८९ए' यांवरून तिची पिढी कळते. टार या जुन्या संग्रहप्रकाराची खूण आरंभी नसून २५७ व्या अंतरावर असते. हे अंतर ज्यास ठाऊक नाही त्यास ती खूण सापडावयाची नाही.

२००३ साली, चौथ्या आवृत्तीत, आणखी एक पाऊल पडले. मॉन्स रुलगार्ड व झूलास यांनी ओळख पटविणारा भाग वेगळा काढून त्याची लिबमॅजिक ही लायब्ररी केली. वरवर पाहता ही केवळ बांधणीची सोय. परंतु तिचा परिणाम दूरगामी झाला. तोवर 'फाइल'चे उत्तर मनुष्य वाचीत असे. आता ते इतर प्रोग्राम वाचू लागले. २००९ मध्ये आलेल्या पीएचपी ५.३ या आवृत्तीत लिबमॅजिकवर उभारलेला 'फाइलइन्फो' हा भाग अंतर्भूत झाला, आणि लोकांनी पाठविलेली फाइल खरोखर चित्र आहे की नाही हे असंख्य संकेतस्थळे त्यास विचारू लागली. मनुष्य चमत्कारिक उत्तर वाचून हसतो व पुढे जातो. प्रोग्राम हसत नाही. तो आज्ञा समजून वागतो. म्हणून चुकीच्या उत्तराची किंमत येथून वाढली.

(४)

खुणांच्या कोशात मुख्यतः दोन प्रकारच्या खुणा आढळतात : जाणून घडविलेल्या आणि योगायोगाने पडलेल्या. घडविलेल्या खुणेचा उत्तम नमुना म्हणजे १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या 'पिंग' (पीएनजी) चित्रप्रकाराची खूण. तिचे आठ बाइट असे : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिला बाइट १२७ हून मोठा आहे. सातच अंश नेणाऱ्या जुन्या मार्गाने फाइल आली, तर तो बिघडतो व बिघाड कळतो. पुढील तीन म्हणजे पी, एन, जी ही अक्षरे, मनुष्याच्या डोळ्यांसाठी. १३ व १० ही डॉस पद्धतीची ओळ-समाप्ती आणि शेवटचा १० ही युनिक्सची. वाटेत कोणी ओळींचे रूपांतर केले तर यांत फरक पडतो. २६ हा आकडा डॉसमध्ये फाइल पडद्यावर छापू पाहणाऱ्यास थांबवितो. अवघ्या आठ बाइटांत ओळख आहे, आणि प्रवासात झालेल्या इजेची परीक्षाही आहे.

याउलट योगायोगाची खूण कशी अडचणीत आणते ते पाहा. जावा भाषेच्या संकलित फाइली षोडशमान पद्धतीने लिहिता 'कॅफेबेब' असे वाचता येईल अशा चार बाइटांनी सुरू होतात. जावा १९९५ मध्ये लोकांपुढे आली. परंतु तत्पूर्वीच नेक्स्ट कंपनीच्या प्रणालीत, एकाच फाइलीत अनेक यंत्रजातींसाठी प्रोग्राम भरण्याच्या प्रकारास हीच खूण दिली गेली होती, आणि तो प्रकार पुढे ॲपलच्या प्रणालीत वारशाने आला. दोन भिन्न वस्तू, शब्द एकच : हा शुद्ध समध्वनिक शब्दांचा प्रश्न होय. भाषेत तो संदर्भाने सुटतो, येथेही तसाच सोडविला गेला. खुणेनंतरच्या चार बाइटांत जावाची फाइल आपला आवृत्तिक्रमांक सांगते, तर दुसरी फाइल आपल्यात किती यंत्रजातींचे प्रोग्राम आहेत तो आकडा सांगते. जावाचे आवृत्तिक्रमांक ४३ पासून वर आहेत, यंत्रजाती मूठभर. तेव्हा आकडा लहान असेल तर ॲपलचा प्रकार, मोठा असेल तर जावा, असा नियम करण्यात आला. तक्त्याच्या कर्त्यांनी तेथेच टीप देऊन हा नियम म्हणजे एक तडजोड असल्याचे कबूल केले आहे, आणि यंत्रजाती पुढे वाढतील हे ध्यानी घेऊन सीमेचा आकडा जरा सैल ठेवला आहे. कोशकाराने आपल्या निर्णयाचे कारण नोंदीशेजारीच लिहून ठेवावे, याचा हा चांगला दाखला आहे.

तिसरी अडचण पोटजातींची. १९८९ मध्ये आलेल्या झिप संग्रहाची खूण म्हणजे त्याचे कर्ते फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे, पी व के. पुढे अनेक नव्या प्रकारांनी झिपचेच पात्र वापरले : जावाचे संग्रह, मायक्रोसॉफ्टचे नवे दस्तऐवज, ओपन डॉक्युमेंट, इपब ग्रंथ. बाहेरून सर्व झिपच दिसतात. ओपन डॉक्युमेंट व इपब यांच्या कर्त्यांनी या बाबतीत दूरदृष्टी दाखविली. संग्रहातील पहिला घटक 'माइमटाइप' या नावाचा असावा व तो संकुचित न करता ठेवावा, असा त्यांनी नियम केला. परिणामी ३० व्या अंतरावर ते नाव आणि ३८ व्या अंतरावर प्रकाराचे खरे नाव, संग्रह न उघडताच वाचता येते. ज्या प्रकाराच्या कर्त्यांनी ओळखीचा विचार आधी केला, त्याची ओळख पुढे सोपी झाली.

(५)

लिबमॅजिकच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद चूक मात्र एका रिकाम्या जागेने केली. २००८-०९ च्या सुमारास उबुंटू प्रणालीच्या काही वापरकर्त्यांना असे आढळले की, ओपनऑफिसमधील मजकूर मंगळवारी छापला जात नाही. सोमवारी छापतो, बुधवारी छापतो, मंगळवारी नाही. ही तक्रार प्रथमदर्शनी थट्टेची वाटावी अशीच होती. परंतु ती अक्षरशः खरी होती.

कारण असे : तक्त्यात अरलँग या भाषेच्या एका जुन्या फाइलप्रकाराची नोंद होती. त्या प्रकाराची खूण म्हणून एक संपूर्ण दिनांक घेतला होता : मंगळवार, २२ जानेवारी १९९१, वेळेसह. परंतु तक्त्यात रकाने वेगळे करण्याचे काम रिकामी जागाच करते. खुणेतच जागा हवी असेल, तर तिच्या आधी तिरपी रेघ देऊन ती खुणेचा भाग असल्याचे सांगावे लागते. नोंद करताना ती रेघ राहून गेली. परिणामी प्रोग्रामने खूण म्हणून फक्त पहिला शब्द घेतला, म्हणजे मंगळवाराचे इंग्रजीतील तीन अक्षरांचे संक्षिप्त रूप. उरलेला दिनांक त्याने उत्तराचा भाग मानला. इकडे ओपनऑफिसने छपाईसाठी तयार केलेल्या पोस्टस्क्रिप्ट फाइलीच्या आरंभी निर्मितीचा दिनांक असे, आणि त्यातील वाराचे नाव नेमके नोंदीतील अंतरावर पडे. मंगळवारी ते नाव जुळे. 'फाइल' सांगे, ही अरलँगची फाइल आहे. छपाईची व्यवस्था त्या उत्तरावर विश्वासून कागद कोराच ठेवी.

या घटनेतून तीन गोष्टी निघतात. पहिली, खूण जितकी आखूड तितकी ती दुसऱ्या कोणाच्या अंगावर आढळण्याची शक्यता अधिक. वेळेसह संपूर्ण लिहिलेला दिनांक ही बळकट खूण. तीन अक्षरांचा वार ही जवळजवळ खूणच नव्हे. दुसरी, कोशातील एक नोंद चुकली तर ती केवळ आपल्या शब्दापुरती चुकत नाही. ती दुसऱ्या निर्दोष शब्दाची जागा घेते. पोस्टस्क्रिप्टची नोंद अगदी बरोबर होती. तरीही पोस्टस्क्रिप्ट ओळखले गेले नाही. तिसरी, अशी चूक नोंद वाचून सापडत नाही. नोंद ज्या नमुन्यांना लागू होऊ नये, त्या नमुन्यांवर ती चालवूनच सापडते.

दुसऱ्या मुद्द्याचा संबंध नियमांच्या क्रमाशी आहे. जुन्या आवृत्त्यांत तक्त्यात जी नोंद आधी, तिचा मान आधी, अशी स्थिती होती. पुढे प्रत्येक नोंदीचे बळ मोजून त्याप्रमाणे क्रम लावण्याची पद्धत आली. लांब व नेमकी खूण वर, आखूड व ढोबळ खूण खाली. या गणिताने न्याय होत नसेल तेथे एखाद्या नोंदीचे बळ हाताने कमी-अधिक करण्याचीही सोय झाली. पाणिनीय परंपरेशी परिचित असलेल्या वाचकास येथे उत्सर्ग व अपवाद यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सामान्य नियम व विशेष नियम यांत संघर्ष झाला असता विशेष नियम बलवान, हे तत्त्व मान्य केल्यावाचून मोठा नियमसंग्रह सुसंगत राहू शकत नाही. लिबमॅजिकला ते तत्त्व अनुभवाने शिकावे लागले.

(६)

आता साध्या मजकुराकडे वळू. कारण तेथेच हा प्रश्न आपल्या दारात येतो. मजकुराला खूण नसते, म्हणून तेथे अनुमान करावे लागते. अनुमान किती फसवे असू शकते याचा एक प्रसिद्ध दाखला विंडोजमधील नोटपॅडचा आहे. 'बुश हिड द फॅक्ट्स' हे अठरा अक्षरांचे इंग्रजी वाक्य रोमन लिपीत लिहून फाइल जतन केली व पुन्हा उघडली की तेथे नऊ चिनी अक्षरे दिसत. त्यात कोणाचे कारस्थान नव्हते. दोन-दोन बाइटांची जोडी घेतली असता त्या वाक्यातून चिनी अक्षरांचे क्रमांक तयार होत, आणि मजकूर आखूड असल्यामुळे संख्याशास्त्रीय कसोटी फसत असे. १९७९ च्या प्रोग्रामने ५० अक्षरांखाली निर्णय न देण्याचा जो विवेक दाखविला होता, तो येथे दिसत नाही. व्हिस्टा आवृत्तीत हा दोष दूर झाला.

'फाइल' प्रोग्राम मजकुराची चिन्हपद्धती पुढील क्रमाने अजमावतो : सर्व बाइट आस्कीच्या मर्यादेत आहेत काय, नसल्यास त्यांची रचना यूटीएफ-८ च्या नियमांत बसते काय, नसल्यास ते पश्चिम युरोपीय आयएसओ-८८५९ च्या मर्यादेत आहेत काय. आजचा यूटीएफ-८ मधील मराठी मजकूर या परीक्षेत सहज ओळखला जातो. 'क' हे अक्षर तेथे २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांचे होते, आणि असे त्रिक योगायोगाने वारंवार जुळणे कठीण. परंतु मराठीचा संगणकीय इतिहास यूटीएफ-८ पासून सुरू झालेला नाही.

१९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ या क्रमांकाने 'इस्की' ही चिन्हपद्धती निश्चित झाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्याच १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. इस्कीमध्ये 'क' १७९, 'म' २०४. परंतु या सर्व संख्या आयएसओ-८८५९ च्या मर्यादेतच येतात. पश्चिम युरोपीय तक्त्यात १७९ म्हणजे वर चढविलेला तीनचा आकडा. त्यामुळे इस्कीत लिहिलेला मराठी मजकूर 'फाइल'पुढे ठेवला असता उत्तर मिळते : आयएसओ-८८५९ मजकूर. जणू ते फ्रेंच किंवा जर्मन लेखन असावे.

इस्कीखेरीज छपाईच्या क्षेत्रात खाजगी फॉन्ट-संकेत रूढ होते. कृतिदेव या फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द फाइलीत ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांनी साठविला जातो. 'फाइल' त्यास आस्की मजकूर म्हणते. हे उत्तर बाइटांच्या पातळीवर खोटे नाही. परंतु त्या बाइटांचा अर्थ ज्या फॉन्टवर अवलंबून आहे तो फाइलीबाहेर आहे. फॉन्टचे नाव हरवले की मजकूर हरवला.

ही केवळ तात्त्विक अडचण नाही. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मराठीत जे नियतकालिक, ग्रंथ व प्रबंध संगणकावर जुळविले गेले, त्यांच्या फाइली आज जेथे टिकून आहेत तेथे बहुधा अशाच अवस्थेत आहेत. भाषेचा संग्रह सिद्ध करू पाहणारा अभ्यासक त्या एखाद्या स्वयंचलित व्यवस्थेतून गाळतो तेव्हा ती व्यवस्था त्यांवर 'पश्चिम युरोपीय' किंवा 'आस्की' असा शिक्का मारून त्या बाजूस सारते. अज्ञात म्हणून वेगळी ठेवलेली फाइल उद्या कोणीतरी पाहील. चुकीच्या नावाने योग्य कप्प्यात बसलेली फाइल कोणीच पाहणार नाही.

यावर उपाय आहे, आणि तो भाषाशास्त्राच्या आवाक्यातील आहे. इस्कीत व्यंजने १७९ ते २१६ या पट्ट्यात, मात्रा २१८ ते २३१ या पट्ट्यात, आणि हलन्ताचे चिन्ह २३२ वर आहे. शब्दाच्या आरंभी मात्रा येत नाही. मात्रेमागून मात्रा येत नाही. फ्रेंच मजकुरातील उच्च बाइट असे नियम पाळण्याचे कारण नाही. तेथे उच्च बाइट विरळ असतात, तर इस्कीत त्यांचीच दाटी असते. म्हणजे वर्णरचनेचे दोन-तीन नियम हीच येथे खूण होऊ शकते. अर्थात् या कसोटीची मर्यादाही सांगितली पाहिजे : इस्कीच्या त्याच संख्या देवनागरीप्रमाणे गुजराती, बंगाली इत्यादी लिपींसाठीही आहेत, म्हणून तिच्याने पद्धती कळेल, लिपी निश्चित होईलच असे नाही. शिवाय ही कसोटी तक्त्याच्या ओळीत सहजासहजी बसणारी नाही. चिन्हपद्धती तपासणाऱ्या भागातच तिला स्थान द्यावे लागेल.

(७)

फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने 'मॅजिका' हे साधन मुक्तपणे उपलब्ध केले. त्यात हाताने लिहिलेला तक्ता नाही. प्रचंड संख्येने नमुने दाखवून शिकविलेली एक गणिती रचना आहे. तीच फाइलीतील मोजक्या बाइटांवरून शंभराहून अधिक प्रकारांत निवड करते. विशेषतः प्रोग्रामिंग भाषांच्या मजकुरात, जेथे ठराविक जागी ठराविक खूण नसते, तेथे हिचा वरचष्मा असल्याचे तिच्या कर्त्यांनी दाखविले आहे. इतिहासाच्या दृष्टीने पाहता ही १९७९ च्या वर्णवारंवारितेचीच परंपरा अधिक विस्ताराने परत आली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

कोश व शिकलेली रचना यांतील भेद मात्र विसरता कामा नये. कोशातील नोंद चुकली तर ती ओळ दाखविता येते व दुरुस्त करता येते. मंगळवारची चूक तिरप्या रेघांनी सुधारली. शिकलेल्या रचनेत अशी ओळ दाखविता येत नाही. तेथे दुरुस्तीचा मार्ग म्हणजे नवे नमुने पुरविणे. तथापि मॅजिकाच्या कर्त्यांनी एक जुना धडा नीट ध्यानात घेतलेला दिसतो. प्रत्येक प्रकारासाठी विश्वासाची एक मर्यादा ठरविलेली आहे. अनुमान तिच्याखाली गेले तर विशिष्ट नाव न सांगता 'मजकूर' किंवा 'अज्ञात' एवढेच सांगावयाचे. 'फाइल'नेही सर्व कसोट्या संपल्यावर द्यावयाचे उत्तर 'डेटा' हा एकच शब्द ठेवला आहे. त्याचा अर्थ एवढाच, की येथे काहीतरी आहे, ते काय आहे हे मला कळलेले नाही.

कोश असो की शिकलेली रचना असो, दोहोंना एकच अन्न लागते : निःसंशय ओळखलेले नमुने. आणि या बाबतीत मराठीचे काम संगणकशास्त्राचा कोणी तज्ज्ञ करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. कोणती फाइल कोणत्या साली, कोणत्या प्रोग्रामात, कोणत्या फॉन्टने जुळविली गेली हे सांगू शकणारी माणसे, म्हणजे त्या काळचे अक्षरजुळणीकार, मुद्रक, संपादक, आज आहेत. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अशा फाइली गोळा कराव्यात, छापील प्रतीशी ताडून त्यांची ओळख लेखी नोंदवावी, आणि मूळ फाइलीस हात न लावता ती नोंद तिच्यासोबत ठेवावी. इतके झाले म्हणजे कसोटी लिहिण्याचे काम उरते ते थोडे. नमुन्याविना लिहिलेली कसोटी मात्र मंगळवारच्या नोंदीसारखी असेल : लिहिणाऱ्यास बरोबर वाटणारी, आणि कोठे चुकते हे कोणासही न कळणारी.